जुन्या ट्रकचे ऑईल प्रेशर कमी दाखवते? इंजिन उघडण्यापूर्वी हे तपासा



नांदेड-हिंगोली मार्गावरील डोंगरकडा व परिसर हा ऊस आणि केळीचा पट्टा म्हणून ओळखला जातो. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या पाण्यामुळे या भागात बागायत वाढली आणि बागायतीबरोबर मालवाहतूकही वाढली. अनेक बागायतदारांनी भाड्याच्या गाडीवर अवलंबून न राहता स्वतःचा जुना ट्रक घेतलेला असतो. उसाची तोड सुरू झाली किंवा केळीचे घड उतरवले की हा ट्रक उभा राहून चालत नाही. तोडलेला ऊस वाळला तर वजन घटते, आणि उतरवलेली केळी कोणासाठी थांबत नाही.

नेमक्या अशा वेळी ऑईल प्रेशरचा काटा खाली येतो. मग दोनपैकी एक गोष्ट होते. "काटा पहिल्यापासूनच खोटा आहे" म्हणून गाडी तशीच हाणली जाते आणि चार दिवसांत क्रँक जातो. किंवा घाबरून लगेच इंजिन खोलले जाते, हंगामाची उचल त्यात घातली जाते आणि शेवटी दोष एका साध्या वायरमध्ये निघतो. दोन्हीत नुकसान मालकाचेच आहे. प्रेशर खरोखर कमी आहे की नुसते कमी दिसते, हे आधी मापून ठरवावे आणि तपासणी इंजिनच्या बाहेरून आत करीत जावी. हे काम कसे करावयाचे ते या लेखात पाहू. ट्रॅक्टरच्या इंजिनालाही यातील बहुतेक सर्व गोष्टी लागू पडतात.

आधी गाडी केव्हा बंद करावी

चालू गाडीत काटा एकदम शून्यावर आला, लाल दिवा लागला किंवा इंजिनमधून नवीन ठोका ऐकू आला तर "पुढच्या फाट्यापर्यंत नेऊ" असा विचार करू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. ऑईलशिवाय बेरिंग जळण्यास मिनिटे पुरतात. काटा खोटा निघाला तर अर्धा तास गेला एवढेच. खरा निघाला तर क्रँक वाचला. टर्बो असलेल्या इंजिनात तर ही घाई अधिक, कारण टर्बोचा शाफ्ट अतिशय वेगाने फिरतो आणि ऑईल कमी पडले की बहुधा पहिला फटका त्यालाच बसतो.

काटा शून्यावर न जाता पूर्वीपेक्षा खाली राहतो, विशेषतः गाडी तापल्यावर, अशी तक्रार असेल तर पुढीलप्रमाणे क्रमाने तपासावे.

प्रेशर म्हणजे काय : ठिबकचे उदाहरण

ज्यांच्याकडे ठिबक संच आहे त्यांना ही गोष्ट समजण्यास अवघड नाही. मोटर चालू आहे, पण शेवटच्या लॅटरलला पाणी पोहोचत नाही. कारणे कोणती? फुटव्हॉल्व्हला कचरा अडकला, सक्शन पाइप हवा घेतो, बायपास व्हॉल्व्ह उघडा राहिला, फिल्टर चोंदला, पंप झिजला किंवा कोठेतरी लॅटरल निसटून पाणी मोकळे वाहत आहे. पंपाजवळील प्रेशर मीटर फक्त "प्रेशर कमी" एवढेच सांगतो. यापैकी कोणते कारण ते तो सांगत नाही.

इंजिनमध्ये हेच घडते. चेंबरमधील जाळी हा फुटव्हॉल्व्ह, जाळीपासून पंपापर्यंतची नळी हे सक्शन, रिलीफ व्हॉल्व्ह हा बायपास, आणि मेन व बिगेंड बेरिंगमधील बारीक फट म्हणजे ड्रिपर. ऑईल पंप प्रेशर तयार करीत नाही. तो ऑईल ढकलतो. ते ऑईल बेरिंगच्या फटीतून बाहेर पडताना जो अडथळा होतो, त्याने प्रेशर निर्माण होते. फट वाढली किंवा ऑईल पातळ झाले की अडथळा कमी होतो आणि काटा खाली येतो.

एक फरक मात्र लक्षात ठेवावा. विहिरीवरील मोटरपंप सेंट्रिफ्यूगल असतो, तर इंजिनचा पंप दातेरी चक्रांचा असतो. तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑईल ढकलतो. म्हणून इंजिन स्लो असताना प्रेशर कमी आणि रेस दिल्यावर जास्त दिसणे हे स्वाभाविक आहे, तो दोष नव्हे.

फटीचे महत्त्व एका हिशेबावरून कळेल. बेरिंगमधून वाहून जाणारे ऑईल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फट दुप्पट झाली तर ऑईल दुप्पट नव्हे, आठपट वाहते. बेरिंगची नवी फट ढोबळमानाने जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी असते, म्हणजे ७५ मि.मी. जर्नलला सुमारे ०.०७५ मि.मी. एवढीशी फट थोडी वाढली तरी काट्यावर फरक का पडतो, हे यावरून लक्षात यावे.

काट्याची परीक्षा

जुन्या गाड्यांत काटा दोन प्रकारे चालतो. काही गाड्यांत इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत बारीक नळी येते व ऑईलचा दाब थेट मीटरवर पडतो. ही नळी चेपली, गाळाने बुजली किंवा जोडावर गळू लागली की मीटर सुस्त होतो. दुसऱ्या प्रकारात इंजिनवर सेंडर बसवलेला असतो आणि मीटर विजेवर चालतो. सेंडरच्या आत पडदा असतो. दाबाने तो हलतो आणि विजेचा अडथळा बदलतो. तो पडदा व त्यावरील संपर्क वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व हादऱ्याने खराब होतात.

विजेच्या मीटरमध्ये प्रथम वायरचे टोक पाहावे. ते गंजले किंवा सैल झाले असल्यास घासून घट्ट करावे. एकाच वायरच्या सेंडरला अर्थिंग त्याच्या आट्यांतून मिळते. गळती थांबावी म्हणून कोणी आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळली असेल तर अर्थिंग तुटते व मीटर चुकीचे दाखवते. नळफिटिंगची ही सवय येथे अंगाशी येते. ऑईल प्रेशरबरोबर डिझेलचा व तापमानाचा काटाही त्याच वेळी बिघडला असेल तर दोष इंजिनमध्ये नसून डॅशबोर्डच्या वीजपुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक.

एवढे पाहिल्यावर खरी परीक्षा करावी. सेंडर काढून त्याच भोकात साधा यांत्रिक प्रेशर गेज जोडावा. गेज ० ते १० कि.ग्रॅ. प्रति चौ.सें.मी. मापाचा घ्यावा. ठिबकवरील ० ते ४ चा गेज घेऊ नये, कारण थंड इंजिनात दाब त्यापुढे जाऊ शकतो. आटे जुळणारा जोड दुकानात सेंडर दाखवून घ्यावा. चुकीचे आटे पिळून घातले तर ब्लॉक खराब होतो. गेजला लांब नळी लावावयाची असल्यास हायड्रॉलिक होज किंवा तांब्याची नळी वापरावी. ठिबकची मायक्रोट्यूब किंवा स्प्रेची साधी नळी कदापि लावू नये. जवळजवळ १०० अंश सेल्सिअसचे ऑईल दाबाखाली अंगावर उडाले तर हातातोंडाला इजा होते.

आता चार आकडे घ्यावेत : थंड इंजिन स्लो, थंड इंजिन रेस, पूर्ण तापलेले इंजिन स्लो आणि पूर्ण तापलेले इंजिन रेस. इंजिन उभ्या-उभ्या तापवण्यापेक्षा भार घेऊन दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणावी, म्हणजे पाण्याबरोबर ऑईलही तापते. चारही आकडे वहीत लिहावेत. मिस्त्रीकडे जाताना ही वही हातात असावी. "काटा जरा खाली असतो" या वाक्यावरून कोणताही मिस्त्री निदान करू शकत नाही.

आपल्या इंजिनला किती प्रेशर हवे याचा शेवटचा शब्द कंपनीच्या पुस्तिकेचा. पुस्तिका नसेल तर सर्वसाधारण अंदाज असा, की तापलेल्या इंजिनात दर १,००० फेऱ्यांना निदान ०.७ कि.ग्रॅ. (सुमारे १० पौंड) असावे. म्हणजे २,००० फेऱ्यांना किमान १.४ हवे, सुस्थितीतील इंजिन सहसा याहून बरेच अधिक दाखवते. हा तग धरण्याचा आकडा आहे, आरोग्याचा नव्हे. डिझेल वाचावे म्हणून स्लो फारच खाली उतरवला असेल तर प्रेशरही खाली दिसणार, तेव्हा आधी स्लो योग्य फेऱ्यांवर आणावा.

गेजपट्टी काय सांगते

गेजवरही प्रेशर कमी भरले तर पाना हातात घेण्याआधी ऑईलकडे पाहावे. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी गेजपट्टी काढावी. पातळी कमी असेल तर कारण समोरच आहे. परंतु पातळी वाढलेली असेल तर अधिक काळजी करावी. इंजिन ऑईल तयार करीत नाही. पातळी वाढली म्हणजे त्यात डिझेल किंवा पाणी येत आहे.

डिझेल मिसळल्यास ऑईल पाण्यासारखे पातळ होते व वास येतो. काही इंजिनांत डिझेल पंपाला इंजिनचेच ऑईल जाते, तेथे पंपातील किंवा फीड पंपातील झीज डिझेलला चेंबरची वाट दाखवते. नोझलच्या ओव्हरफ्लो नळीची गळतीही झाकणाखाली असल्यास हेच करते. घरी करण्याजोगी चाचणी म्हणजे टीपकागदावर नव्या व जुन्या ऑईलचा एकेक थेंब शेजारी-शेजारी टाकून तासभर ठेवावा. जुन्या थेंबाच्या काळ्या ठिपक्याबाहेर दूरवर फिकट, ओलसर कडे पसरले तर डिझेलचा संशय घ्यावा. पाणी मिसळले असेल तर ऑईल दुधाळ दिसते. थोडेच पाणी असेल तर गरम तव्यावर एक थेंब टाकल्यास तडतड आवाज येतो. हे करताना चेहरा लांब ठेवावा. डिझेल किंवा पाणी येत असेल तर ते बंद करून ऑईल व फिल्टर बदलावे आणि मगच प्रेशर पुन्हा मोजावे. अशा ऑईलवर घेतलेल्या आकड्यावरून बेरिंगला दोष देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ऑईलचा ग्रेडही पाहावा. १५डब्ल्यू-४० मधील ४० हा आकडा तापलेल्या अवस्थेतील घट्टपणा सांगतो. १०० अंशांना ४० ग्रेडचे ऑईल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, तर ३० ग्रेडचे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते. चुकून पातळ ग्रेड, हायड्रॉलिक ऑईल किंवा सुट्या डब्यातील भेसळीचा माल भरला गेला तर काटा खाली येणारच. स्वस्त पडते म्हणून सुटे ऑईल घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो. त्यात रेडिएटरच्या जाळीत उसाचे पाचट, धूळ व कीटक बसले की इंजिन जास्त तापते आणि ऑईल आणखी पातळ होते. म्हणून प्रेशरच्या तक्रारीत रेडिएटर आतून बाहेर पाण्याच्या धारेने धुणे, पंख्याचा पट्टा पाहणे ही कामे यादीत असावीत. केवळ एवढ्याने काटा वर आल्याची उदाहरणे पुष्कळ असतात.

चार आकड्यांवरून निदान

ऑईल योग्य आहे आणि गेज खरा आहे, तरीही प्रेशर कमी आहे. आता वही उघडावी.

थंड असताना प्रेशर चांगले, तापल्यावर स्लोला फार कमी आणि रेस दिल्यावर वाढते पण पूर्वीइतके नाही, असे असेल तर ते झिजेचे लक्षण आहे. बेरिंगच्या फटी, कॅमशाफ्टचे बुश, रॉकर शाफ्ट किंवा खुद्द पंप यांपैकी काही झिजलेले आहे. जुन्या ट्रकमध्ये हाच प्रकार सर्वाधिक आढळतो.

थंड-गरम दोन्ही वेळा कमी आणि रेस देऊनही फारसे वाढत नाही, असे असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला असावा किंवा पंपातच दोष असावा. काल ठीक होते व आज अचानक असे झाले असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीखाली कचरा अडकल्याचा संशय प्रथम घ्यावा.

रेस वाढविल्यावर प्रेशर वाढण्याऐवजी पडते, किंवा लांब पल्ल्यात हळूहळू खाली येते व थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुधारते, असे असेल तर चेंबरमधील जाळी गाळाने चोंदली आहे. पंप मागतो तेवढे ऑईल जाळी देत नाही. ज्या गाडीत ऑईल वर्षानुवर्षे नुसते वाढवत नेले, बदलले नाही, तेथे हा गाळ हमखास सापडतो.

वळणावर, चढावर किंवा ब्रेक दाबल्यावर काटा थरथरतो, तर पातळी कमी आहे किंवा सक्शन नळीच्या जोडातून हवा जात आहे.

फिल्टरविषयी एक गैरसमज आहे. फिल्टर चोंदला की प्रेशर पडते असे सरसकट समजले जाते. प्रत्यक्षात बहुतेक इंजिनांत फिल्टर चोंदल्यास बायपास व्हॉल्व्ह उघडतो व ऑईल न गाळता पुढे जाते. काटा ठीक दिसतो आणि बेरिंग मात्र घाण खातात. म्हणून काट्याची वाट न पाहता फिल्टर वेळेवर बदलावा. काढलेला जुना फिल्टर फेकण्यापूर्वी कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात पाहाव्यात. चंदेरी चमक हा बेरिंगच्या वरच्या थराचा भुगा असू शकतो. तांबूस कण दिसले तर तो थर संपून आतील तांब्याचा थर झिजू लागला आहे. लोहचुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे ते बेरिंगऐवजी इतर भागांचे. तांबूस कण दिसल्यावर गाडी पुढे चालवू नये.

स्प्रिंगखाली वायसर : फसवा उपाय

प्रेशर वाढवून देतो म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वायसर टाकणारे कारागीर भेटतात. हा व्हॉल्व्ह प्रेशर ठरावीक मर्यादेपुढे गेले तरच उघडतो. तापलेल्या इंजिनात स्लोला प्रेशर कमी असते तेव्हा तो बंदच असतो. बंद असलेल्या दाराला दुसरी कडी लावून काय होणार? वायसरमुळे थंड इंजिनातील वरचे प्रेशर तेवढे वाढते, फिल्टर व सीलवर ताण येतो आणि जेथे गरज आहे तेथे काहीच मिळत नाही. व्हॉल्व्ह काढून धुवावा, बैठक व स्प्रिंग पाहावी, स्प्रिंग नरम झाली असल्यास तीच नवी टाकावी. एवढेच त्याचे काम.

प्रेशर वाढावे म्हणून गिअर ऑईल किंवा घट्ट करणारे डबे ओतणे हाही तसाच प्रकार आहे. काटा वर येतो, पण पहाटे थंड इंजिन सुरू करताना ते घट्ट ऑईल वरपर्यंत पोहोचण्यास उशीर लागतो, आणि सुरुवातीची झीज त्याच क्षणांत होते. पुस्तिकेत परवानगी असेल तर उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० वापरण्यास हरकत नाही.

चेंबर उतरविल्यावर

निदान झिजेवर किंवा जाळीवर आले तर चेंबर उतरवावा लागतो. बहुतेक जुन्या ट्रकमध्ये यासाठी इंजिन बाहेर काढण्याची गरज नसते. १९५४ ते १९६९ या काळात टेल्को व डायम्लर-बेन्झ यांच्या सहकार्यातून आलेल्या सहा सिलिंडर डिझेल इंजिनांची परंपरा पुढे टाटाच्या ६९७ सारख्या इंजिनांत चालू राहिली. ही इंजिने साधी व दुरुस्तीस सोयीची आहेत. गाडीखाली जाताना चाकांना अडण्या लावाव्यात व केवळ जॅकवर विसंबू नये.

प्रथम जाळी व सक्शनचे पॅकिंग पाहावे. नंतर पंप उघडून चक्रांची फट फिलर गेजने मोजावी. मग एक बिगेंड व एक मेन बेरिंगची टोपी काढावी. मेन बेरिंगपैकी मधले पाहणे चांगले. शेलचा करडा थर जाऊन तांबे दिसत असेल तर सर्व बेरिंग बदलण्याची वेळ आली आहे. सहा सिलिंडरच्या इंजिनात सहा बिगेंड व साधारणतः सात मेन असतात. निम्मे बदलून निम्मे जुने ठेवू नयेत.

येथे एक आग्रह धरावा. जर्नल मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय नवे शेल बसवू देऊ नयेत. जर्नल अंडाकृती झाले असेल किंवा त्यावर चरे असतील तर नवे शेल थोड्याच दिवसांत जुन्यांसारखे होतात. मोजमापात क्रँक चांगला निघाला तर नुसत्या बेरिंग सेटवर काम भागते. नसेल तर नांदेडसारख्या ठिकाणी क्रँक ग्राइंडिंगला पाठवावा लागतो. ग्राइंडिंग साधारणपणे ०.२५ मि.मी.च्या टप्प्याने होते व त्याच मापाचे शेल मिळतात. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधील ऑईलची भोके बारीक ब्रश, डिझेल व हवेने स्वच्छ झाल्याची स्वतः खात्री करावी. त्यात राहिलेली चिमूटभर पूड संपूर्ण काम वाया घालवते.

हंगाम काढावा की काम करावे?

हा प्रश्न प्रत्येक मालक विचारतो, आणि त्याचे उत्तर आकड्यांवर द्यावे. तापलेल्या इंजिनात स्लोला ०.७ च्या वर प्रेशर आहे, रेस दिल्यावर वाढते, ठोका नाही, फिल्टरमध्ये धातूचा भुगा नाही, तर हंगाम काढण्यास हरकत नाही. मात्र दर आठवड्याला यांत्रिक गेजने मोजावे, भार मर्यादेत ठेवावा आणि ऑईल नेहमीपेक्षा लवकर बदलावे. आकडा आठवड्यागणिक उतरत असेल, भार घेताना खोल धाडधाड किंवा रेस सोडताना टकटक ऐकू येत असेल तर एक खेपही करू नये. दोन दिवस भाड्याची गाडी लावणे परवडते. बेरिंग फिरून क्रँक व ब्लॉक गेला तर उरलेला हंगाम गाडी दारात उभी राहते आणि हप्ता मात्र चालू राहतो.

काम झाल्यानंतर

नवे बेरिंग बसविल्यावर इंजिन कोरडे सुरू करू नये. फिल्टर उभा बसत असल्यास तो ऑईलने भरून लावावा. डिझेल बंद ठेवून स्टार्टरने थोडे-थोडे, मध्ये विश्रांती देत, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत फिरवावे व मगच इंजिन सुरू करावे. पहिले ऑईल व फिल्टर लवकर बदलावेत. काढलेले जळके ऑईल बांधावर, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यास द्यावे.

यांत्रिक गेज पुन्हा लावून नव्या इंजिनाचे तेच चार आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. पुढे दर सहा महिन्यांनी, आणि गाळप हंगामापूर्वी एकदा, हीच मोजणी करून जुन्या आकड्यांशी ताडून पाहावी.